सहा एमएमची वायर

मी पगारपत्रकं करते. आमच्या खात्यात पाच तास म्हणजे पाच तास, आणि आकड्याच्या पोटात दुसराच आकडा निघाला तर त्याला घोटाळा म्हणतात. कॅम्पर ट्रेलरची बॅटरी बदलायला घेतली तेव्हा कळलं, की बारा व्होल्टच्या दुनियेत हा घोटाळा नसून रिवाज आहे. तिथे 100 लिहिलेलं 100 नसतं, 6 लिहिलेलं 6 नसतं, आणि 200 तर बहुतेक वेळा कागदावरच राहतं.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडे राहतो. कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची एक बुटकी पेटी. मुक्कामी पोचलं की झाकण उलटं उघडायचं, आतून तंबू बाहेर पडतो, मागून स्वयंपाकाचा ओटा सरकत निघतो. आमचा जुनाच, एका वयस्क जोडप्याकडून घेतलेला. कॅरॅव्हॅन पार्कात उतरलं तर खांबावरून वीज मिळते आणि काही प्रश्न येत नाही. पण नवऱ्याला आणि लेकीला हवी होती खांब नसलेली जागा. खांब नाही म्हटल्यावर फ्रीजची सगळी भिस्त ट्रेलरच्या एजीएम बॅटरीवर, आणि ती दुसऱ्या रात्री मान टाकायची. आधी फ्रीज बीप करणार, मग ओट्यावरचा दिवा मंदावणार, सकाळी दही आंबट. नवऱ्याच्या शिफ्टा असतात, शिवाय ‘आकड्यांचं तू बघ’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं.

दुकानात दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. दोन्हींवर 12 व्होल्ट, दोन्हींवर 100 एएच, म्हणजे अँपिअर-तास. एक उचलायला गेले तर जागची हलेना, तीस किलोच्या आसपास. दुसरी बारा किलोच्या आत, भाजीच्या पिशवीसारखी उचलली गेली. जड ती एजीएम, म्हणजे शिशाची. हलकी ती लिथियम. माझा साधा प्रश्न होता: दोन्ही शंभरच्या, तर हलकीला जास्त पैसे का द्यायचे?

कारण हे शंभर दोन जातींचे आहेत. शिशाच्या बॅटरीवरचे 100 एएच साधारणपणे वीस तासांच्या हिशेबाने छापलेले असतात: सतत 5 अँपिअर काढले तर वीस तास पुरतील. जास्त वेगाने काढले तर तेवढेही मिळत नाहीत. त्यातही निम्म्याच्या खाली वारंवार उतरलात तर ती लवकर म्हातारी होते. म्हणजे व्यवहारात हाताशी पन्नास. लिथियमवाली ऐंशी-नव्वद बिनतक्रार देते आणि हजारो वेळा भरता येते. आमच्या जुन्या बॅटरीचे तर पन्नासही उरले नसावेत.

हलकीच घेतली, आणि घरी येऊन सांगलीला दादाला व्हिडिओ कॉल लावला. लोडशेडिंगच्या काळापासून आमच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टर आहे, त्याला 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी, आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालण्याचं खातं पहिल्यापासून दादाकडे. घरातली बॅटरीची सगळी अक्कल तिथेच साठलेली. मी नवी बॅटरी कॅमेऱ्यासमोर धरली.

‘झाकणं कुठायत? पाणी कुठून घालणार?’

‘घालायचंच नाही, दादा.’

‘मग सुकली की?’

‘आत पाणीच नाही तर सुकेल काय?’

‘अगं, मग ती बॅटरी कसली,’ असं म्हणून त्याने फोन वहिनीकडे दिला.

आत काय आहे ते मग मीच वाचून काढलं. 3.2 व्होल्टच्या चार सेल एकापुढे एक, म्हणजे 12.8. रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाइलमधल्या नेहमीच्या लिथियमपेक्षा हे थंड डोक्याचं. तापलं तरी आतला ऑक्सिजन सहजी सोडत नाही, त्यामुळे पेटण्याचा धोका बराच कमी. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 साली हे जगापुढे मांडलं. पुढे 2019 मध्ये त्यांना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं, तेव्हा ते 97 वर्षांचे होते. त्या 1997 च्या निबंधावर गुडइनफ यांच्या आधी दोन भारतीय नावं आहेत, पाढी आणि नंजुंडस्वामी. हे दादाला कळवल्यावर त्याचा बॅटरीवरचा राग जरा निवळला.

सेलच्या वर एक सर्किट बसवलेलं असतं, बीएमएस. सेल फार रिकामी झाली, फार भरली, फार तापली किंवा फार प्रवाह ओढला गेला की ते सगळा कारभार बंद करतं. त्यानंतर मल्टिमीटर लावला तर बॅटरी शून्याजवळ दाखवते, माणसाला वाटतं मेली. खरं तर ती झोपलेली असते. आणि गंमत अशी की काही चार्जरनाही ती मेलीच वाटते, त्यामुळे ते भरायला सुरुवातच करत नाहीत. लिथियमला जागी करण्याची सोय आहे का, हे चार्जर घेतानाच विचारावं लागतं. असले प्रश्न असतात हेच मला कुठे ठाऊक होतं!

पलीकडच्या घरात एक निवृत्त ऑटो-इलेक्ट्रिशियन राहतात. जन्मभर ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या वायरी ओढलेला माणूस. ट्रेलरच्या पुढच्या टूलबॉक्समध्ये डोकं घालून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बॅटरी आणलीस, छान. आता उरलेलं कधी आणतेस?’

‘उरलेलं?’

‘बॅटरी हा यातला सगळ्यात सोपा भाग.’

उरलेलं म्हणजे ती भरणारी मंडळी. आमच्या ट्रेलरात गाडीच्या अल्टरनेटरची वायर, गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या अँडरसन प्लगमधून, थेट जुन्या बॅटरीला जोडलेली होती. शिशाच्या बॅटरीचं त्यावर कसंबसं भागत होतं. लिथियमच्या बाबतीत दोन उलट्या अडचणी येतात. एक, तिचा आतला रोध इतका कमी, की समोरून येईल तेवढा प्रवाह ती ओढते. गाडी जागेवर उभी राहून घुरघुरत असेल तर अल्टरनेटर तापतो. दुसरी, हल्लीच्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला स्वतःचा व्होल्टेज मधूनच खाली आणतात, मग 13.2 वर बसलेली लिथियम बॅटरी दिवसभर गाडी चालवूनही भरत नाही. उपाय एकच: मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर. तो 25 अँपिअरच्या वर ओढू देत नाही आणि येईल त्या व्होल्टेजचे बॅटरीला हवे तसे साडेचौदाच्या आसपास करून देतो. तो बसवायचा बॅटरीजवळ, गाडीत नाही.

‘गाडीतून येणारी वायर किती जाडीची?’ त्यांनी विचारलं.

मी बॉनेट उघडून आवरणावरचं छापील वाचलं. ‘6 एमएम.’

ते हसले. घरात जाऊन व्हर्नियर कॅलिपर आणि तसल्याच वायरीचा वीतभर तुकडा घेऊन आले. कॅलिपर आवरणावर लावला: सहा मिलिमीटर. मग आवरण सोलून तांबं दाखवलं, बारीक बारीक तारांचा एक किरकोळ झुबका. ऑस्ट्रेलियात गाड्यांच्या वायरीवर 6 एमएम लिहितात तो बाहेरून मोजलेला व्यास, प्लास्टिकसकट. आत तांबं जेमतेम 4.6 चौरस मिलिमीटर. सांगलीच्या घराचं वायरिंग झालं तेव्हा दीडची, अडीचची, चारची वायर असं मी ऐकत आले होते. तिथे अडीच म्हणजे तांब्याचंच क्षेत्रफळ. इथे मात्र आपण प्लास्टिकही मोजून घेतो. दुकानाच्या दुसऱ्या रॅकवर ‘6 बी अँड एस’ नावाची वायर टांगलेली असते. हेही सहाच, पण आत तांबं 13.5 चौरस मिलिमीटर, आधीच्या सहाच्या जवळजवळ तिप्पट. हे गेजचं माप, त्यात आकडा वाढला की वायर बारीक होते. 8 बी अँड एस ही सहापेक्षा पातळ. म्हणजे मिलिमीटरमध्ये मोठा आकडा चांगला, गेजमध्ये छोटा चांगला, आणि दोन्ही एकाच दुकानात, एकाच रंगाच्या आवरणात. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा पगारपत्रकाला बसवायला हवं.

त्या रात्री मी हिशेब मांडला. गाडीच्या बॅटरीपासून टो बारपर्यंत आणि तिथून ट्रेलरच्या चार्जरपर्यंत जाताना 9 मीटर, परत येताना 9 मीटर. 25 अँपिअर वाहताना जुन्या वायरीत सुमारे 1.7 व्होल्ट वाटेतच जिरतात. अल्टरनेटरने 14 दिले, तर ट्रेलरपाशी पोचले 12.3. जाड वायरीत हीच गळती 0.6 च्या आत. आमची जुनी बॅटरी कधी पूर्ण भरतच नसणार, आणि आम्ही मात्र तिच्या वयाला दोष देत होतो.

वायर बदलायचं ठरलं. मी हातमोजे घालून तयार होऊन गेले, तर शेजारी म्हणाले, ‘आधी हातातलं काढ.’ माझ्या हातात सोन्याच्या दोन बांगड्या असतात, आईच्या. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताचं बोट पुढे केलं. अंगठीच्या जागी गोल, पांढरट, चकचकीत वळ. तरुणपणी ट्रकच्या बॅटरीवर पाना चालवताना पाना टेकला बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि अंगठी ट्रकच्या सांगाड्याला. सोन्यातून वीज तांब्याइतकी नाही, तरी झकास वाहते. बीएमएस सावध होईपर्यंत बांगडी तापलेली असते. मी बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्रही काढून घरात ठेवून आले. पान्यांच्या दांड्यांना त्यांनी इन्सुलेशन टेप गुंडाळून दिली.

मग लग लावायला शिकवलं. लग म्हणजे तांब्याची आखूड नळी, पुढचं टोक चपटं, त्याला बोल्टसाठी भोक. वायरीचं आवरण नळीच्या लांबीएवढंच सोलायचं. एकही तार कापली जाऊ द्यायची नाही, एकही बाहेर राहू द्यायची नाही. नळीत तांबं सरकवून हायड्रॉलिक क्रिंपरच्या जबड्यात धरायचं आणि दांडा दाबत राहायचं, दोन्ही डाय एकमेकींना टेकेपर्यंत. तयार झालेला पहिला लग त्यांनी मला लावू दिला नाही. व्हाइसमध्ये पकडून हॅकसॉने मधोमध कापला आणि उन्हात धरला. आत तारा दिसतच नव्हत्या. शेकडो तारा आणि बाहेरची नळी मिळून एकच सलग षटकोनी तांबं झालं होतं, मध्ये केसाएवढीही फट नाही. ‘असं दिसलं तर ठीक. फट दिसली तर तिथे हवा, हवेच्या मागून गंज, मग उष्णता.’ मग पक्कड घेऊन बसवलेला प्रत्येक लग ओढून पाहायचा आणि वरून गोंदवाली हीट-श्रिंक चढवायची. गरम हवेने ती आक्रसली की कडेने गोंदाचं बारीक वेटोळं बाहेर येतं.

फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना. मला एक पुरेल असं वाटलं होतं. पण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधेच कुठे आवरण फाटून वायर पत्र्याला टेकली, तर आग लावायला दोन्हीकडून प्रवाह धावत येणार. म्हणून गाडीच्या बॅटरीपाशी एक, ट्रेलरच्या बॅटरीपाशी एक. 240 व्होल्टच्या पक्क्या वायरिंगला मात्र आम्ही हात लावला नाही. ऑस्ट्रेलियात ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. ट्रेलरच्या पुढच्या पेटीतच बॅटरी असल्याने एक कटकट वाचली: कॅरॅव्हॅन आणि ट्रेलरसाठीच्या 2022 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मानकाप्रमाणे लिथियम बॅटरी झोपायच्या जागेत तशीच उघडी बसवता येत नाही.

सगळं जोडून झाल्यावर दारातच ट्रेलर उभा करून फ्रीज चालू ठेवला. ट्रेलरच्या भिंतीवर जुना व्होल्टमीटर होता. शिशाच्या बॅटरीला 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, एवढं मी पाठ केलेलं. आता तिथे 13.2 दिसत होतं. रात्रभर फ्रीज चालला, सकाळी 13.2. संध्याकाळी 13.1. मी हरखले. शेजाऱ्यांनी थंडपणे सांगितलं, की या बॅटरीत ऐंशी टक्के आणि चाळीस टक्के यांत फरक असतो तो एवढासाच, व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश. शेवटपर्यंत ती चेहऱ्यावर काही दाखवत नाही, मग एकदम कड्यावरून कोसळल्यासारखी पडते आणि बीएमएस दार लावून घेतं. तो मीटर आता शोभेचा.

त्याच्या जागी शंट आला. शंट म्हणजे ठाऊक असलेला अतिसूक्ष्म रोध. 500 अँपिअर वाहिले तर त्याच्या दोन टोकांत 50 मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक मोजून आत किती आले, बाहेर किती गेले याची तो सतत नोंद ठेवतो आणि फोनवर टक्के दाखवतो. हे मला पहिल्यांदाच माझ्या भाषेतलं वाटलं: जमा, खर्च, शिल्लक. पण शिल्लक जुळेना. लख्ख ऊन, सोलर पॅनल जोडलेलं, बॅटरीचा व्होल्टेज 14.2, आणि फोन सांगतोय 61 टक्के, तेही घसरतंय. खर्च लागत होता, जमा कुठेच दिसत नव्हती.

अशा वेळी आम्ही पगारपत्रकवाले एक करतो: नोंद न होता पैसे कुठल्या दाराने येतात ते पाहतो. टूलबॉक्स उघडून बॅटरीच्या निगेटिव्ह बोल्टवर टॉर्च मारला. शंटच्या जाड वायरीच्या लगखाली आणखी एक पातळ काळी वायर बसलेली. सोलर कंट्रोलरची, पूर्वीच्या मालकांच्या काळातली. जशी होती तशी नव्या बॅटरीवर आलेली. सूर्याची सगळी जमा शंटला वळसा घालून थेट बॅटरीत जात होती. ती वायर शंटच्या पलीकडच्या टोकाला लावली, बॅटरी एकदा पूर्ण भरून शंटला ‘हे शंभर’ असं सांगितलं, आणि आकडे जुळले. इतका आनंद मला आर्थिक वर्षाच्या अखेरीलाही होत नाही.

मग जुलैत मुंगोला गेलो. मेलबर्नहून मिल्डुरा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, तिथून पुढे शंभरेक, त्यात कच्चा रस्ता. मुंगो नॅशनल पार्क न्यू साउथ वेल्समध्ये आहे. हजारो वर्षांपूर्वी आटलेलं एक तळं आणि त्याच्या काठाने वाळू-मातीची झिजलेली लांबच लांब टेकाडं. जिम बोलर या भूगर्भशास्त्रज्ञाला 1968 साली इथे एका स्त्रीचे दहन केलेले अवशेष सापडले, सुमारे 42,000 वर्षांपूर्वीचे. अग्निसंस्कार इतका जुना आहे, हे मला त्या वाळूत उभं राहेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. कॅम्पात वीज नाही, पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं.

दिवसभराच्या प्रवासात डीसी चार्जरने बॅटरी काठोकाठ भरली होती. रात्री इतकी थंडी, की पहाटे गाडीच्या काचेवर हिमाची खरखरीत साय. शून्याखाली ही बॅटरी वापरायला हरकत नाही, पण भरायला सक्त मनाई. लिथियम सेलच्या आत धातूच्या रूपात साचतं आणि नुकसान कायमचं होतं. बीएमएसने तशी वेळ आली तर भरणं रोखलं असतं. फोनवर सेलचं तापमान मात्र 5 अंश होतं. बंद पेटीतली बॅटरी हवेइतकी पटकन गारठत नाही, आणि सूर्य वर येईस्तोवर पॅनलही काही देत नसतंच.

पॅनल 200 वॉटचं. हे 200 प्रयोगशाळेतलं, सेल 25 अंशावर आणि ऊन सरळ अंगावर असतानाचं. पहिल्या दिवशी ते जमिनीवर आडवं टाकलं, तर भर दुपारी जेमतेम 5 अँपिअर. दादाला विचारलं, तो ठामपणे म्हणाला, ‘दक्षिणेकडे तोंड करून तिरकं ठेव. आपल्या गच्चीवर तसंच आहे.’ सांगलीत बरोबर. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. जुलैत मुंगोला तो दुपारीही क्षितिजापासून पस्तीसेक अंशांच्या वर चढत नाही. पॅनल उत्तरेला तोंड करून चांगलं उभट कलवलं तेव्हा तेच 5 चे 9 झाले. दर दोन तासांनी उठून त्याचं तोंड फिरवण्याचं काम लेकीने आपणहून घेतलं, म्हणजे पहिल्या दिवशी तरी. हिवाळ्यात फ्रीजला दिवसाला 25 एएच पुरतात, दिवे-पंप-फोन मिळून आणखी सात-आठ. सकाळी शंट 80 च्या घरात असायचा, दुपारी पुन्हा नव्वदीच्या पुढे. दही घट्ट.

एवढं झाल्यावर घरात पुढची मागणी आली आहे ती मिक्सरची. भारतातून आणलेला, 750 वॉटचा. भागाकार केला: 12.8 व्होल्टवर 59 अँपिअर, इन्व्हर्टरचा वाटा धरून सत्तरच्या जवळ, आणि सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा. आमचं बीएमएस 100 अँपिअरला हात वर करतं. खर्च म्हणाल तर काहीच नाही; चटणीला दोन मिनिटं लागतात, म्हणजे सव्वादोन एएच, फ्रीजचे दोन तास. साठा भरपूर आहे, प्रश्न एका दमात किती बाहेर काढायचं एवढाच. शेजाऱ्यांच्या मते जमेल, फक्त इन्व्हर्टर बॅटरीपासून हातभर अंतरावर हवा आणि मधली वायर आहे त्याच्या तिप्पट जाड. टेप घेऊन टूलबॉक्समध्ये जागा मोजायला गेले, तर तिथे नवऱ्याची मासेमारीच्या गळांची जुनी पेटी बसलेली. ती हलवायची की चटणी घरून करून न्यायची, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.